तिसरी रांग घेऊन सांगलीला

साताऱ्याहून सांगलीला यष्टीनं चार तासांत जाता येतं. आम्हांला तीन दिवस लागले. ते का लागले हे लिहायला बसलो म्हणजे माझी अब्रू जाणार, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम पहिल्यापासून माझ्याकडे. बारशापासून तेराव्यापर्यंत कुठंही दहा माणसं बसली की कुणीतरी म्हणतं, "नाना, तुम्ही सांगा." बाकी अंगात काही नसलं तरी तेवढा मान मिळत आलेला. तेव्हा ही गोष्टही मलाच सांगायला हवी.

सत्त्याहत्तर सालचा डिसेंबर होता. माझ्या धाकट्या भावाची मुलगी वासंती सुटीवर घरी आली होती. एका मोठ्या शहरातल्या संशोधनसंस्थेत ती चार वर्षं होती. बरोबर दोन जाड वह्या आणि एक चपटा खाकी लिफाफा. लिफाफ्यात छातीच्या एक्स-रेसारखी एक फिल्म. एकच.

सांगलीत तिच्या विषयातले एक वयस्क प्राध्यापक राहत होते. त्यांनी तिला गुरुवारी सकाळी अकराची वेळ दिली होती. शुक्रवारी ते मुलाकडे परदेशी निघणार, ते वर्षभरानं परतणार. त्यांनी फिल्म पाहून दोन ओळी लिहून दिल्या, तर वासंतीचं काम संस्थेत कुणीतरी गंभीरपणे घेणार होतं. नाहीतर तिच्या सरांच्या हुकमाप्रमाणे चार वर्षांतल्या कामाचा नेमका हाच भाग प्रबंधातून काढून टाकायचा होता.

ती म्हणाली, "गुरुवारी पहाटेच्या यष्टीनं जाईन नि संध्याकाळी परत."

मी म्हणालो, "वाटेवर कुंडल आहे. आक्काला न भेटता गेलो तर ती जन्मभर बोलणार नाही. मंगळवारी निघू, बुधवार तिच्याकडे काढू, गुरुवारी तासाभराचं तर अंतर." आक्का माझी थोरली बहीण, म्हणजे वासंतीची आत्या. पोरीनं मान डोलावली. हा माझा पहिला शहाणपणा.

कोरेगाव, मंगळवार

दुसरा शहाणपणा कोरेगावात. आगगाडी तिथूनच धरायची होती आणि कोरेगावला येऊन घेवडा न घेता जाणं मला जमत नाही. बाजारात मी घेवडा नखानं दाबून बघत, दाण्याच्या रंगावरून बाईशी वाद घालत उभा राहिलो, आणि गाडी निघून गेली. वासंती फलाटावर लिफाफा छातीशी धरून उभी होती. पुढची पॅसेंजर येईपर्यंत आम्ही बाकावर बसून शेंगा खाल्ल्या, आणि तिथंच मी तिला पहिल्यांदा विचारलं की बाई, या फिल्मवर आहे तरी काय?

तिनं सांगितलं ते मला समजलं, कारण ती सांगते छान. घराण्यात गोष्ट सांगणारा मी एकटा नाही, पण तिचा दोष असा की ती खरं तेवढंच सांगते.

पेशीत प्रथिनं तयार होतात ती मण्यांच्या माळेसारखी. एकेक मणी उचलून नेमक्या जागी आणून देणारा हमाल असतो, त्याचं नाव ट्रान्सफर आरएनए. पण हा हमाल जन्माला येतो तेव्हा कामाचा नसतो. तोही अक्षरांची एक माळच, पण हवी त्यापेक्षा लांबडी. पुढं एक नको असलेला तुकडा, मागं एक. पुढचा तुकडा एक सुरी बरोबर एकाच ठिकाणी कापते, एक अक्षर इकडं नाही की तिकडं नाही. मागचा भाग कुरतडून काढला जातो. शेपटाला ठरावीक तीन अक्षरं लागतात, मणी तिथंच अडकतो. ती नसली तर पेशी चिकटवून देते. मधल्या काही अक्षरांवर बारीक घडण होते. मग हमाल पाटी उचलायला मोकळा.

"हे सगळं लोकांना माहीत आहे," वासंती म्हणाली. "माझं म्हणणं त्या पुढच्या सुरीबद्दल आहे, काका. पुस्तकांत लिहिलंय की पेशीतल्या सगळ्या सुऱ्या प्रथिनांच्या. ही नुसती प्रथिनाची नाही. तिच्यात स्वतःतच आरएनए आहे. तो काढला की ती कापत नाही."

"म्हणजे उसाचं कांडं तोडणाऱ्या कोयत्याला पातंच उसाचं?"

ती हसली. त्या प्रवासातलं तिचं तेवढंच हसू मला आठवतं.

तिच्या सरांना हे पटत नव्हतं. ते म्हणत, सुरीला आरएनएची घाण चिकटली आहे, धुऊन काढ. हिनं धुतली. घाण गेली की सुरीही बोथट होई. सर म्हणत, तू जास्त धुतलीस. मग एकदा चारचौघांत म्हणाले, तुझे हात स्वच्छ नाहीत. माणसाच्या बोटांच्या घामात आरएनए फाडणारं काहीतरी असतं म्हणे. या धंद्यात त्याच्याइतकी लागणारी शिवी नाही. त्यानंतर ही दोन-दोन हातमोजे घालून काम करायला लागली.

शेवटी तिनं आरएनए खाणारं एक असं द्रव्य वापरलं की जे कॅल्शियमशिवाय चालतच नाही. मी म्हणालो, चुन्याशिवाय तंबाखू. ती म्हणाली, तसंच समजा. सुरीत ते द्रव्य घातलं, त्याला चुना दिला, सुरीतला आरएनए खाऊ दिला; मग चुना काढून घेतला, म्हणजे ते थंड. आता त्या सुरीपुढं लांबडा हमाल ठेवला. फिल्मवर तीन रांगा होत्या. पहिलीत नुसता लांबडा हमाल, वर एक काळी रेघ. दुसरीत चांगली सुरी: वरची रेघ गेली, खाली दोन आल्या, कापलेला हमाल आणि त्याचा तुकडा. तिसरीत आरएनए खाल्लेली सुरी: वरची रेघ जशीच्या तशी. हमाल फाटला नाही, तुटला नाही आणि कापलाही गेला नाही.

"तिसरी रांग बघितली की कुणी हात घाण म्हणू शकत नाही. हात घाण असते तर ती रेघच उरली नसती."

पुन्हा करून दाखव की, असं मी म्हणालो. त्याला लागणारा किरणोत्सारी फॉस्फरस पंधरवड्यात निम्मा होतो, जपून वाटला जातो आणि सरांनी तिचा वाटा बंद केला होता. मूळ जेल, म्हणजे जिच्यावरून ही फिल्म उठवली ती चकती, केव्हाच टाकून दिलेली. उरली ही फिल्म. कोपऱ्यात तिनं सुईनं क्रमांक कोरला होता, सात. गाडीत चढताना दोन्ही हातांत घेवड्याच्या पिशव्या असूनही मी लिफाफा मागून घेतला. तेवढीच मदत. तिनं दिला आणि म्हणाली, "काका, कुणाच्या हातात देऊ नका."

कुंडल, बुधवार

मंगळवारी ताकारीला उतरून कुंडलला पोचेपर्यंत दिवस मावळला. आम्ही साताऱ्याचे लोक पाहुण्याला विचारतो, "चहा घेणार ना?" आणि त्या 'ना'मध्ये पाहुण्यानं काय ते ओळखायचं असतं. कुंडलला विचारत नाहीत. तांब्याभर पाणी, गुळाचा चहा, त्यामागोमाग भाकरी, लसणाची चटणी, नि वांग्याच्या कालवणावर तेलाचा बोटभर तवंग. नको म्हणायला तोंड उघडावं तर त्यात घास जातो.

आक्काचे यजमान पलटणीत होते. छातीच्या दुखण्यानं घरी आले आणि दोन वर्षांत गेले. त्या दोन वर्षांत मिरजेच्या वाऱ्या करून एक्स-रे फिल्मांचा गठ्ठा जमला होता. माणूस गेल्यावर आक्कानं त्या टाकल्या नाहीत. धुण्याच्या सोड्याच्या कडकडीत पाण्यात घालून, काथ्यानं घासून तिनं त्या काचेसारख्या स्वच्छ केल्या, नि घरातल्या एकूण एक तसबिरीवर काचेऐवजी बसवल्या. देवांवर, यजमानांच्या लष्करी फोटोवर, माझ्यासुद्धा एका जुन्या फोटोवर. आल्या आल्या मी ते बघितलं. कौतुकही केलं. म्हणालो, "आक्का, हे तुलाच सुचावं." यापलीकडे माझ्या डोक्यात काही आलं नाही.

तिच्या घरची दुसरी रीत अशी की पाहुण्याला मळक्या सामानासकट वाटेला लावायचं नाही. प्रवासाचे कपडे काढून घ्यायचे, धुऊन, वाळवून, घडी घालून निघताना हातात द्यायचे. आपल्या घरून माणूस आला त्यापेक्षा निर्मळ होऊन गेला पाहिजे. सातारच्या घरी आम्ही पाहुण्याला साबणाची वडी दाखवतो.

बुधवारी दुपारी वासंती शेजारच्या बायकांबरोबर गुऱ्हाळावर रस प्यायला गेली. मी सोप्यात बसलो. शेजारचे हवालदार तात्या आले, आक्काच्या यजमानांच्याच पलटणीतले. त्यांच्यामागून आणखी चारपाच माणसं. पोरगी सायबाला काय दाखवायला निघाली, असं त्यांनी विचारलं.

मला विचारायला नको होतं.

मी सुरू झालो. हमाल त्यांना चालेना, म्हणून रंगरूट केला. रंगरूट भरतीला येतो तो बावळट, पुढं झुलपं, मागं शेंडी. पहिला न्हावी पुढचं बरोबर रेघेवर कापतो. मागचं दुसरा उतरवतो. मग पायात बूट, ते नसले तर ओझं घेऊन चालणार कसा? मग बिल्ले. मग परेडवर. तात्या खूश झाले. म्हणाले, "आसंच हाय की आमचं. आन् न्हावी चुकला तर?" मी म्हणालो, न्हाव्याचीच तर गोष्ट आहे. आणि लोकांनी आग्रह केला म्हणून नव्हे, कुणीच केला नव्हता, मी खुंटीवरचा लिफाफा काढला, फिल्म उन्हात धरली आणि बोट लावून रांगा दाखवल्या.

तात्यांनी डोळे बारीक केले. "काळं डाग दिसत्यात नुस्तं."

इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण ऐकणाऱ्यांना हळहळायला लावल्याशिवाय मला गोष्ट संपल्यासारखी वाटत नाही. मी आवाज उतरवून म्हणालो, "तेच तर, तात्या. तिचे साहेबही हेच म्हणतात. डाग आहेत, घाण आहे. ही घाण निघाल्याशिवाय पोरीला डिग्री नाही."

सगळे हळहळले. उंबऱ्याच्या आत आक्का घेवडा निवडत बसली होती. तिचा हात थांबला हे मी पाहिलं, आणि मला वाटलं, गोष्ट चांगली रंगली.

मी लिफाफा परत खुंटीला अडकवला, मग तात्यांनी मला त्यांचं केळीचं रान बघायला नेलं.

दिवेलागणीला परतलो. वासंतीही नुकतीच आली होती, हातात रसाची किटली. आक्कानं आमचे कपडे घडी करून ठेवले होते. त्यावर खाकी लिफाफा. तिनं तो उचलला, पदरानं वरून पुसला आणि वासंतीच्या हातात दिला.

"बघ गं. आरशावानी केलंया. तुझ्या सायबाला म्हणावं, आता दाव कुटं डाग हाय त्यो. सोड्याच्या तीन पाण्यातनं काढलंय. पयल्या पाण्यात निम्मंच निगालं हुतं, लय चिवट व्हतं बया."

वासंतीनं फिल्म बाहेर काढली. समईपुढं धरली. समई पलीकडं जशीच्या तशी दिसली, तिच्या पाचही वातींसकट.

मी पाहत होतो. मला वाटलं ती ओरडेल. ओरडावं असंही वाटलं. आक्काच्या हातांची बोटं सोड्यानं पांढरी पडून चिरमटली होती. एका नखाच्या कडेला रक्त आलेलं. वासंतीची नजर फिल्मवरून त्या बोटांवर गेली आणि तिथंच थांबली.

"छान निघालंय, आत्या," ती म्हणाली.

"व्हय न्हवं? ह्यांचं धा-बारा काडलं, पर यवढं सोच्छ न्हवतं निगालं."

जेवायला आक्कानं पुरण घातलं होतं. वासंती दोन पोळ्या जेवली. मी पोळी मोडून ताटातच कुसकरत बसलो. आक्का म्हणाली, "नानाला काय झालं? त्वांड कसं गप झालं?"

पलूस, गुरुवार

सकाळी निघताना आक्कानं दोघांच्या हातावर दही घातलं. पलूसच्या फाट्यावर आलो. सांगलीची यष्टी यायला वेळ होता. समोर द्राक्षांचे नवे मांडव, तारांवर दंव, उसाच्या गाड्यांची रांग, नि बैलांच्या तोंडची वाफ. हा भाग या दिवसांत फार देखणा असतो, असं प्रवासाला गेलेल्या माणसानं लिहायचं असतं. असतो.

मी शेवटी म्हणालो, "वासंती, चूक माझी."

ती म्हणाली, "काका, तुम्ही गोष्ट चांगली सांगता."

रागानं म्हणाली असती तर मी उत्तर शोधलं असतं. तिनं ते निरखून सांगितलं, फिल्मवरची रेघ वाचावी तसं.

सांगली

गावात शिरताना हळदीचा वास येतो. हळद रानातून निघते ती तशीच विकत नाहीत; शिजवतात, वाळवतात, घासून तिची मुळं-सालं काढतात, तेव्हा ती बाजारात उभी राहते. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी यावरून वासंतीला लगेच काहीतरी ऐकवलं असतं.

मी मनाची एक समजूत घालून ठेवली होती. प्राध्यापक गर्विष्ठ निघतील, फिल्म असती तरी बघितली नसती, असं काहीतरी. बऱ्याच चुकांवर मी अशा समजुती घालून जगत आलो आहे. दार त्यांनी स्वतः उघडलं. प्रवासाच्या पेट्या बांधून ओसरीत ठेवलेल्या होत्या. पण खिडकीजवळ टेबल ओढून त्यावर पांढरा कागद पसरला होता, आणि कागदावर एक भिंग. खिडकीची काच आतून-बाहेरून पुसलेली. ते आमची, म्हणजे त्या फिल्मची, वाटच बघत होते.

भडंग आलं, चहा आला. वासंतीनं वह्या पुढं ठेवल्या. त्यांनी तासभर एकेक पान वाचलं. मध्ये दोनदा खाडकन प्रश्न विचारले, तिनं शांतपणे उत्तरं दिली. एका पानावर ते थांबले. वाचून झालं, परत वाचलं. चष्मा काढून त्यांनी भिंग उचललं.

"आणा. तिसरी रांग बघू."

"फिल्म वाटेत खराब झाली, सर."

"खराब म्हणजे? ओरखडा पडला असेल तर चालेल. जरा पुसट असली तरी चालेल."

"काहीच उरलं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भडंगाच्या बशीकडे पाहिलं. कशानं खराब झाली, हे वासंतीनं सांगितलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं, तर तिनं माझ्या बाहीला हात लावला. आयुष्यात मला गप्प करणं कुणाला जमलं नव्हतं, तिला त्या दिवशी एका बोटानं जमलं.

प्राध्यापकांनी भिंग कागदावर परत ठेवलं. मग म्हणाले, "तुमच्या वहीवर माझा विश्वास बसतो. पण मी लिहून द्यायचं ते काय? की वही वाचली? सगळ्या जगाला वाटतं तसं नाही असं तुम्ही म्हणता आहात, मुली. पुन्हा करून घ्या."

पुन्हा करू देत नाहीत, हे तिनं सांगितलं नाही. वह्या पिशवीत भरल्या, वाकून नमस्कार केला. दारापर्यंत पोचवायला आले तेव्हा ते तिला नव्हे, मला म्हणाले, "एक फिल्म पुरली असती हो."

परतीची वाट आणि नंतर

परतताना ती कुंडलला उतरायचंच म्हणाली. आक्कानं विचारलं, साहेब काय म्हणाले. वासंतीनं सांगितलं, खूश झाले. मग लिफाफ्यातून ती स्वच्छ फिल्म काढून आक्काला दिली. म्हणाली, आता याचं काम झालं, तुझ्याजवळ राहू दे. आक्काला एवढा आनंद मी तिच्या मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता.

वासंती संस्थेत परत गेली. तिसरी रांग वगळून प्रबंध लिहिला. सुरी प्रथिनाची आहे, असं त्यात लिहिलंय, तिच्या सहीनं. डिग्री मिळाली. घाण निघाल्याशिवाय मिळणार नाही, हे तर मी आधीच सांगून बसलो होतो. आता ती एका कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना पचनसंस्था शिकवते.

गेल्या महिन्यात सांगलीहून तिला जाड टपाल आलं. प्राध्यापक परत आले होते. आत एका परदेशी मासिकातल्या लेखाच्या प्रती. तीच सुरी, तसलंच चुन्यावाचून न चालणारं द्रव्य, तेच उत्तर. सुरीत आरएनए आहे. नावं दुसऱ्यांची. समासात पेन्सिलीनं प्राध्यापकांनी लिहिलं होतं, 'तुमची तिसरी रांग.' वासंतीनं ते मला वाचायला दिलं, मी वाचून होईपर्यंत बटाटे सोलत बसली, मग परत घेतलं.

मी म्हणालो, मी आक्काला सांगणार. तिला कळायला हवं. मला खरं म्हणजे ओझं वाटून हवं होतं.

"नाही," वासंती म्हणाली. "तिनं एक काम केलं, ते मनापासून केलं. तेवढं तिच्याजवळ राहू दे."

परवा कुंडलला एकटाच गेलो. ताकारीला वेळेवर उतरलो, घेवडा घेतला नाही. सोप्यात वासंतीचा पदवीदानाचा फोटो टांगलाय, काळा झगा घातलेला, आणि त्यावर ती फिल्म बसवलीय. आक्कानं मला हाताला धरून पुढं नेलं. घरातल्या सगळ्या तसबिरींत हीच लख्ख आहे, असं तिचं म्हणणं, आणि ते खरं आहे. मग तिनं खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिरप्या उजेडात तिथं सुईनं कोरलेला सात दिसत होता.

"येवढा चरा तेवढा ऱ्हायला बघ, नाना," ती खंतावून म्हणाली. "काथ्यानं घासला, राखंनं घासला. काय क्येल्या निघंना. ईटंचा चुरा लावून बघू का?"

"राहू दे, आक्का," मी म्हणालो. "आता घासू नकोस."